नाचीचा धबधबा

जपानच्या होन्शू बेटाच्या दक्षिणेस की नावाचे डोंगराळ द्वीपकल्प आहे. तेथील नाची या ठिकाणी उंच सूचिपर्णी वृक्षांच्या छायेतून दगडी पायऱ्या चढत गेले, की डोंगरावर दोन देवस्थाने अगदी शेजारी शेजारी उभी दिसतात. एक आहे नाची ताइशा हे शिंतो धर्माचे, तर दुसरे सेइगान्तोजी हे बौद्ध मंदिर. शिंतो देवळापुढे यात्रेकरू दोनदा लवतो, दोनदा टाळी वाजवतो व पुन्हा एकदा लवतो. मग बौद्ध मंदिरात जाऊन उदबत्ती लावतो आणि मुकाट्याने हात जोडतो. तेथे टाळी वाजवायची नसते!

शिंतो हा जपानचा मूळचा धर्म. पर्वत, वृक्ष, जलप्रवाह यांत 'कामी', म्हणजे देवता, वास करतात अशी त्याची श्रद्धा आहे. नाचीचा १३३ मीटर उंचीचा धबधबा हा स्वतःच कामी होय. त्याच्या पायथ्याच्या देवस्थानात मूर्ती नाही, गाभाराही नाही. भक्त कोसळणाऱ्या पाण्यालाच नमस्कार करतात. हे स्थान पवित्र असल्याची खूण म्हणून कड्याच्या माथ्यावर एक जाड दोर ताणलेला असतो. वर्षातून दोनदा पुजारी वर चढून तो बदलतात. काम मोठे धोक्याचे खरे.

सहाव्या शतकात कोरियातून बौद्ध धर्म जपानात आला. पुढे लोक मानू लागले, की कामी ही बुद्धांची व बोधिसत्त्वांचीच स्थानिक रूपे आहेत. नाचीच्या देवतेत त्यांना सहस्रभुज कान्नोन दिसला. हा कान्नोन आपल्याला परका नाही. कान्हेरीच्या लेण्यांत अकरा मस्तकांचा जो करुणामूर्ती अवलोकितेश्वर कोरलेला आहे, तोच हा. नाचीचे मंदिर समुद्रातून वाहत आलेल्या एका भारतीय भिक्षूने स्थापिले, अशी आख्यायिकाही तेथे सांगतात.

शेकडो वर्षे दोन्ही उपासना एकत्र नांदल्या. परंतु १८६८ साली नव्या सरकारने कामी आणि बुद्ध यांना वेगळे करण्याचा हुकूम काढला. देशभर कित्येक मूर्ती फुटल्या, मंदिरे पाडली गेली. नाचीचे बौद्ध सभागृह ओस पडले. १५९० साली हिदेयोशीने पुन्हा बांधविलेली ही लाकडी वास्तू सुदैवाने पाडली मात्र गेली नाही, आणि १८७४ साली सेइगान्तोजी या नावाने तेथे पूजा पुन्हा सुरू झाली.

आज कागदोपत्री ही दोन स्थाने निराळी आहेत. मंदिराचा तीन मजली शेंदरी पॅगोडा १९७२ साली नव्याने उभारला गेला. त्याच्या वरच्या मजल्यावर गेलेला यात्रेकरू बाहेर पाहतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर शिंतोंचा तो शुभ्र धबधबा असतो.