नृत्यकला आणि माध्यमविद्या : काही अनुबंध

विद्यापीठीय अभ्यासक्रमांत नृत्य आणि माध्यमविद्या हे विषय सामान्यतः परस्परांपासून दूर ठेवलेले आढळतात. नृत्य ही गुरुमुखातून मिळणारी आणि देहाने आत्मसात करावयाची कला. माध्यमविद्या ही वृत्तपत्र, आकाशवाणी, चित्रपट, दूरचित्रवाणी आणि महाजाल यांचा विचार करणारी आधुनिक ज्ञानशाखा, अशी ही विभागणी आहे. तिला काही अपवादही आहेत. हैदराबाद विद्यापीठात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सरोजिनी नायडू प्रशालेत नृत्य, नाट्य, दृश्यकला आणि संज्ञापन हे विभाग एकाच प्रशालेचे घटक आहेत. अशा ठिकाणी भरतनाट्यम् किंवा कूचिपुडी शिकणारी विद्यार्थिनी संज्ञापनाच्या वर्गात जाऊन बसते, तेव्हा तिच्यापुढे एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो : हस्तमुद्रा, पदन्यास आणि भाव यांचा कॅमेरा, चौकट आणि संकलन यांच्याशी संबंध काय? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. ती जे परंपरा म्हणून शिकते, त्यातील पुष्कळसा भाग तिच्यापर्यंत निरनिराळ्या माध्यमांतून गाळून आलेला असतो. कोणत्या माध्यमाने काय राखले आणि काय वगळले, हे कळल्याशिवाय तिला आपल्या परंपरेचे स्वरूपही नीट कळणार नाही.

रंगमंडपाचे माप

माध्यमाच्या स्वरूपाचा आशयावर परिणाम होतो, हा विचार मार्शल मॅक्लुहान यांनी १९६४ मध्ये ठामपणे मांडला आणि माध्यमविद्येत तो पायाभूत ठरला. नृत्याच्या विद्यार्थिनीला मात्र या विचाराची एक जुनी खूण आपल्याच शास्त्रात सापडते. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेक्षागृहाचे प्रकार आणि मापे दिली आहेत. मानवांसाठी चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद असा मध्यम मंडप योग्य मानला आहे. त्याहून मोठा मंडप बांधू नये, याची कारणेही तेथे दिली आहेत. अंतर वाढले की उच्चारलेले शब्द विरून जातात आणि मुखावरील भाव अस्पष्ट होतात. प्रेक्षक आणि नट यांच्यातील अंतर किती असावे, याचा निर्णय येथे अभिनयाच्या गरजेवरून केलेला आहे. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक या चार अभिनयांपैकी सात्त्विक अभिनय सर्वांत सूक्ष्म असल्याने अंतराचा पहिला फटका त्यालाच बसतो, हे यावरून सहज लक्षात येते.

मराठी वाचकाला याचे प्रत्यंतर लावणीत मिळते. बैठकीच्या लावणीत कलावंत बसून गाते आणि मोजक्या श्रोत्यांसमोर डोळे, भुवया, मान आणि हात यांच्या साहाय्याने एकेका शब्दाचे अनेक अर्थ उलगडते. फडाच्या लावणीत प्रेक्षकसमुदाय मोठा असतो; तेथे घुंगरांचा नाद, ढोलकीशी चाललेली जुगलबंदी आणि साऱ्या देहाची हालचाल यांना प्राधान्य येते. यमुनाबाई वाईकर यांच्यासारख्या कलावंतांनी बैठकीची अदाकारी उत्तरायुष्यापर्यंत जपली. तिचे मोल ओळखायचे, तर तीत पदन्यास कमी का, असे विचारून भागत नाही. ती किती अंतरावरून पाहण्यासाठी घडलेली आहे, हे आधी विचारावे लागते.

दरबार, सभागृह आणि लेखन

भरतनाट्यमच्या आजच्या प्रयोगक्रमाचा इतिहासही याच दृष्टीने पाहता येतो. अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम् आणि तिल्लाना या क्रमाच्या घडणीचे श्रेय तंजावरच्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंना दिले जाते. त्यांच्या कारकीर्दीचा महत्त्वाचा काळ सरफोजी राजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या दरबाराशी निगडित आहे. या मराठी दरबारात तेलुगू आणि तमिळ रचनांबरोबर मराठी निरूपणेही नृत्यासाठी रचली गेली. एका कथासूत्रात गुंफलेल्या या रचना सरस्वती महाल ग्रंथालयामुळे आज वाचावयास मिळतात. त्यांचे शब्द लेखनाने राखले. त्या शब्दांवर नर्तकीची नजर कोठे वळत असे, एखादी ओळ ती किती वेळा आणि कोणत्या निरनिराळ्या भावांनी फिरवीत असे, हे मात्र लेखनात उतरले नाही. ते ज्ञान नर्तकींच्या देहांत आणि नट्टुवनारांच्या घराण्यांत होते.

शिल्पाची स्थितीही याहून फार वेगळी नाही. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात १०८ करणे वर्णिली आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात त्यांपैकी ८१ करणांची शिल्पे कोरलेली असून पुढील जागा मोकळ्या राहिल्या आहेत. करण म्हणजे हस्त आणि पाद यांची संयुक्त क्रिया. शिल्पात त्या क्रियेतील एकच क्षण थांबलेला असतो. त्या क्षणाच्या आधी व नंतर काय घडते, याविषयी अभ्यासकांत मतभेद होतात, याचे कारण शिळा या माध्यमाच्या मर्यादेतच आहे.

विसाव्या शतकात हे देहगत ज्ञानच संकटात आले. देवदासीप्रथेविरुद्धच्या चळवळीची परिणती मद्रास प्रांतात १९४७ च्या कायद्यात झाली. त्याआधीच, १९३० च्या दशकात, ही कला मंदिर आणि दरबार सोडून सभागृहाच्या रंगमंचावर आली होती. रुक्मिणीदेवींनी १९३६ मध्ये कलाक्षेत्राची स्थापना केली. तिकिट काढून समोर ओळीने बसलेला प्रेक्षक, विजेचा प्रकाश, ठरलेला कालावधी आणि दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्रीय परीक्षण हे सारे या नव्या माध्यमव्यवस्थेचे घटक होते. कलेला त्यातून प्रतिष्ठा मिळाली. परंतु ज्या घराण्यांतील स्त्रियांनी ती शतकानुशतके वाहून आणली, त्यांच्यापैकी बहुतेकींना या नव्या रंगमंचावर स्थान मिळाले नाही. माध्यमांतराचा हिशेब मांडताना ही बाजू वगळता येत नाही.

कॅमेऱ्याची दृष्टी

चित्रपटाने या प्रश्नाला आणखी एक परिमाण दिले. उदय शंकर यांचा ‘कल्पना’ (१९४८) हा चित्रपट मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत तयार झाला. एका नर्तकाने स्वतः दिग्दर्शित केलेली ही कृती रंगमंचावरील नृत्याचे नुसते चित्रण करीत नाही. प्रकाश, छाया, कॅमेऱ्याचा कोन आणि संकलन यांनाही ती नृत्यरचनेत सामावून घेते. जीर्णोद्धारानंतर २०१२ मध्ये हा चित्रपट कान महोत्सवात दाखविण्यात आला. अमेरिकेत माया डेरेन यांनी १९४५ मध्ये केलेल्या लघुपटात नर्तक वनात पाय उचलतो आणि तो पाय घरातील खोलीत टेकतो. ही हालचाल कोणत्याही रंगमंचावर शक्य नाही, कारण ती देह आणि संकलन यांनी मिळून घडविलेली आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण सत्यजित राय यांच्या ‘बाला’ (१९७६) या लघुपटाचे आहे. तंजोर बालसरस्वती (१९१८–१९८४) यांचे नृत्य राय यांनी पहिल्यांदा १९३५ मध्ये कोलकात्यात पाहिले. त्यांच्यावर चित्रपट करण्याचा योग आला तेव्हा त्या साठीच्या उंबरठ्यावर होत्या. ‘कृष्णा नी बेगने बारो’ या प्रसिद्ध कन्नड पदावरील त्यांचा अभिनय या लघुपटात समुद्रकिनाऱ्यावर चित्रित झाला आहे. मागे लाटा आणि मोकळे आकाश, वाऱ्याने हलणारे वस्त्र आणि पुढे बाळकृष्णाला बोलावणारी माता, असे हे दृश्य आहे. ज्या कलेचे सारे सामर्थ्य निकटच्या श्रोत्याशी होणाऱ्या संवादात होते, तिच्यासाठी हा उघडा अवकाश उचित होता काय, असा प्रश्न विद्यार्थिनीने अवश्य विचारावा. त्याचबरोबर हेही विसरता कामा नये की, हा लघुपट नसता तर पुढील पिढ्यांना बालसरस्वतींचा अभिनय डोळ्यांनी पाहण्याची एक मोठी संधी नाहीशी झाली असती. अभिलेख म्हणजे मूळ प्रयोग नव्हे, आणि तरीही अभिलेखाविना चालत नाही, ही अडचण येथे स्पष्ट होते.

तांत्रिक दृष्टीनेही रंगमंच आणि कॅमेरा यांचे अवकाश भिन्न आहेत. प्रेक्षकाजवळचा रंगमंचाचा भाग रुंद असतो. कॅमेऱ्याला दिसणारा प्रदेश त्याच्याजवळ अरुंद असून दूर जाता रुंदावतो. म्हणून रंगमंचासाठी बसविलेली समूहरचना जशीच्या तशी चित्रित केली की कडेच्या नर्तकी चौकटीबाहेर जातात. भ्रमणध्वनीच्या उभ्या चौकटीत ही अडचण अधिकच तीव्र होते. अर्धमंडलीत गुडघे बाजूला दुमडलेले आणि बाहू दोहोंकडे पसरलेले असतात. बाहू पूर्ण दिसावेत म्हणून दूर उभे राहावे तर डोळे दिसत नाहीत. जवळ यावे तर हात आणि पाय कापले जातात. शिवाय अर्धा तास किंवा त्याहून अधिक चालणाऱ्या वर्णमचा विस्तार मिनिटाभराच्या चित्रफितीत मावत नाही; तेथे टिकतो तो जतीचा वेगवान तुकडा. अशा तुकड्यांवर वाढलेला प्रेक्षक वेगालाच नैपुण्य समजू लागला, तर त्यात त्याचा दोष थोडाच असतो.

अध्ययन आणि अधिकार

२०२० च्या टाळेबंदीत नृत्याचे वर्ग पडद्यावर भरू लागले, तेव्हा आणखी एक बाब ध्यानात आली. ध्वनी पोहोचण्यास लागणाऱ्या अल्पशा विलंबामुळे गुरूंच्या तट्टकळीचा आघात आणि शिष्येचे पाऊल एका क्षणी पडेनासे झाले. त्यामुळे अनेक ठिकाणी ध्वनिमुद्रित तालावर सराव करण्याची रीत पडली. मुद्रित ताल चुकत नाही, थकत नाही. परंतु शिष्येचा श्वास पाहून तो थांबतही नाही. गुरूने पावलागणिक केलेली दुरुस्ती हा अध्यापनाचा गाभा आहे आणि चित्रफितीवरून शिकताना नेमका तोच सुटतो. चित्रफीत उपयोगी आहे. ती कोणत्या एका दिवसाचा, एका कोनातून टिपलेला प्रयोग आहे, याची जाणीव ठेवून ती पाहिली पाहिजे. अन्यथा गुरूने त्या दिवशी सहज केलेला एखादा फेरफार शिष्यांच्या पिढीसाठी नियम बनून बसतो.

हक्काचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. भारतीय प्रतिलिप्यधिकार कायद्याने (१९५७) नृत्यरचनेचा समावेश नाट्यकृतीत केला. पण ती रचना लेखनाने वा अन्य रीतीने स्थिर झालेली असावी, अशी अट घातली. चित्रपटाच्या बाबतीत कर्तृत्व निर्मात्याचे मानले जाते. कलावंताच्या प्रयोगाला स्वतंत्र हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने. प्रयोगकर्त्याच्या व्याख्येत नर्तकाचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१२ च्या दुरुस्तीने हे हक्क अधिक बळकट केले. याचा व्यावहारिक अर्थ असा की, जिचे ज्ञान केवळ देहात आणि स्मृतीत आहे, त्या कलावंतिणीची रचना कायद्याच्या दृष्टीने निराधार राहू शकते. तीच रचना दुसऱ्या कोणी नोंदविली तर नोंदीला आधार मिळतो. म्हणून अभिलेखन कोण करतो, कोणाच्या संमतीने करतो आणि ती चित्रफीत कोणाजवळ राहते, हे प्रश्न नृत्यशिक्षणाच्या बाहेरचे मानता येणार नाहीत.

हा अनुबंध एकतर्फी नाही. माध्यमविद्या प्रेक्षकाचा विचार बहुधा संख्येने करते : किती जणांनी पाहिले, किती वेळ पाहिले. रसविचाराने याच प्रेक्षकाचा विचार सहृदय म्हणून केला. त्याची तयारी, त्याचे संस्कार आणि प्रयोगातील त्याचा सहभाग यांची मीमांसा केली. पडद्यापलीकडच्या प्रेक्षकाच्या बाबतीत ही मीमांसा कितपत लागू पडते, हे तपासण्यास नृत्याची विद्यार्थिनी विशेष पात्र आहे. कारण समोर बसलेल्या रसिकाची दाद आणि कॅमेऱ्याच्या भिंगाची स्तब्धता या दोहोंचा अनुभव तिने स्वतः घेतलेला असतो. संज्ञापनाच्या वर्गातून ती पुन्हा नृत्यशाळेत येते तेव्हा अडवू तेच असतात, तालही तोच असतो. परंतु आपण हे कोणासाठी, किती अंतरावरून आणि कोणाच्या चौकटीत करीत आहोत, हे तिला आता विचारता येते.