खरेदीखतांतून जमिनीचा भाव

उमरीच्या शिवारातील एक एकर जमिनीचे मोल ठरते तेव्हा ती काळी कसदार आहे की मुरमाड, जिरायत आहे की बागायत, रस्त्याला लागून आहे की दोन बांध ओलांडून तिथे जावे लागते आणि नांदेड-निजामाबाद लोहमार्गावरील स्थानकापासून किती लांब आहे, हे सारे एकाच आकड्यात मिसळलेले असते. हे घटक सुटे करण्याच्या संख्याशास्त्रीय रीतीला समाश्रयण किंवा रिग्रेशन म्हणतात. पुष्कळ व्यवहार ताडून पाहत, बाकीचे गुण सारखे असताना केवळ विहिरीच्या पाण्याने भाव किती वाढतो, याचा अंदाज तीत बांधला जातो. जी. सी. हास यांनी अमेरिकेतील मिनेसोटा येथे 1922 मध्ये ही रीत लावली ती शेतजमिनीलाच, हे विशेष.

महाराष्ट्रात नोंदणी व मुद्रांक विभागाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे लोकांच्या तोंडचा रेडी रेकनर, ग्रामीण शेतजमिनीचा कस प्रामुख्याने तिच्या महसूल आकारणीवरून जोखतो. मुद्रांक शुल्क खरेदीखतातील किंमत आणि तक्त्यातील मूल्य यांपैकी जास्त असेल त्यावर लागत असल्याने अनेक खतांत तक्त्याच्या जवळपासचीच रक्कम लिहिली जाते, आणि पुढचा दर ठरवताना तीच खते आधाराला घेतली की तक्ता आपलीच सावली मोजू लागतो. मूळ नोंदच खोटी असेल, तर कितीही नेमके गणित तिला खरी करू शकत नाही.

भूसंपादनाच्या 2013 च्या कायद्याने यावर एक उपाय योजला आहे. त्याच्या कलम 26 नुसार जवळच्या गावांतील तशाच जमिनींची मागील तीन वर्षांतील खते घेऊन त्यांतील चढ्या किमतीच्या निम्म्या खतांचीच सरासरी काढली जाते. समजा, एकरी 6, 7, 8, 9, 10 आणि 20 लाखांची सहा खते आहेत. त्यांची साधी सरासरी 10 लाख येते. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातील मधली किंमत, साडेआठ लाख ठरते. कायद्याची सरासरी मात्र 13 लाखांवर जाते. दडवलेल्या किमतीची भरपाई म्हणून ही रीत न्याय्यच आहे, मात्र 20 लाखांचे एकच खत तिला वर खेचते, म्हणून बाजारभाव न दर्शवणारी किंमत वगळण्याची मुभा कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना दिली आहे. जिथे तीन वर्षांत दोन-तीनच खते होतात, अशा गावासाठी आसपासची गावे जोडली की आकडे वाढतात, पण गोदाकाठचे काळे रान आणि माळावरची मुरमाड जमीन एकाच सरासरीत येऊन बसतात.