गॅस संपत नाही, गळतो

मे महिन्यातली दुपार. वडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका आइस्क्रीमच्या दुकानाबाहेर डीप फ्रीजर भिंतीपासून ओढून ठेवला होता आणि त्याच्या मागे मिस्त्री उकिडवा बसला होता. "गॅस खलास झाला, भरून घेतोय," दुकानदार म्हणाले. मागच्या उन्हाळ्यातही भरला होता, असंही त्यांनीच सांगितलं. मिस्त्रीनं बाटला उभाच ठेवला, नळी जोडली, गेजच्या सुईवर नजर ठेवली, कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या तांब्याच्या नळीला हात लावून गारवा पाहिला आणि "बस" म्हणत झडप बंद केली. वजनकाटा नव्हता. गळती कुठे आहे, हे कुणी शोधलं नाही.

फ्रीजरमधला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळीत तो उकळतो, पुन्हा दाबला जातो, थंड होऊन द्रव होतो आणि परत उकळायला जातो. यंत्र मोडीत निघेपर्यंत तोच गॅस पुरायला हवा. तो कमी झाला, याचा अर्थ कुठेतरी जोड सुटलाय किंवा नळीला बारीक भोक पडलंय, आणि गेलेला गॅस आपल्या डोक्यावरच्या हवेत आहे.

त्या फ्रीजरच्या पाठीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं: आर-४०४ए, २५० ग्रॅम. या गॅसचा एक किलो हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो ३,९२२ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवून धरतो. म्हणजे पाव किलोची गळती जवळजवळ एक टन कार्बन डायऑक्साइडच्या तोलाची. आता त्या फ्रीजरला दिवसाला तीन युनिट वीज लागते असं धरू. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे वर्षाला पाऊण टनाच्या आसपास. वर्षभराच्या विजेपेक्षा एकदा गळून गेलेला गॅस जड पडतो. हा हिशेब मी दोनदा करून पाहिला.

दुकानांच्या फ्रीजरमध्ये हे आर-४०४ए आलं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. त्याच्या आधी आर-५०२ नावाचं मिश्रण होतं. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग ओझोनचा थर पोखरणाऱ्या सीएफसी जातीचा होता. १९८७च्या माँट्रियल करारानंतर त्याला निरोप द्यावा लागला आणि क्लोरीन नसलेलं आर-४०४ए त्याच्या जागी बसलं. ओझोन वाचला, पण तापमानाचा हिशेब तेव्हा बाजूलाच राहिला.

वडोदरेकरांना हा विषय परका नाही. हालोलच्या पुढे, पंचमहाल जिल्ह्यातल्या रणजितनगरला गुजरात फ्लुओरोकेमिकल्सचा कारखाना आहे आणि तिथे एसीतला सुपरिचित आर-२२ तयार होत आला आहे. आर-२२ बनवताना एचएफसी-२३ हा उपपदार्थ थोड्या प्रमाणात निघतोच, आणि त्या वेळच्या आकडेमोडीनुसार त्याचा एक किलो ११,७०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा होता. तो हवेत न सोडता भट्टीत जाळून टाकण्याचा रणजितनगरचा प्रकल्प क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेत मार्च २००५मध्ये नोंदला गेला. त्या नोंदवहीत त्याचा क्रमांक एक आहे.

पुढे जगभरच्या अशा प्रकल्पांवर टीका झाली. गॅस जाळायला खर्च थोडा आणि त्याबदल्यात मिळणाऱ्या कार्बन क्रेडिटची किंमत भरपूर, अशी ती तफावत होती. युरोपच्या बाजारानं मे २०१३पासून ही क्रेडिट घेणं थांबवलं. ऑक्टोबर २०१६मध्ये भारत सरकारनं कारखान्यांना हा उपपदार्थ स्वखर्चानं जाळायला सांगितलं. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. जो बनवतो त्यानंच आपली घाण निस्तरायची, हे तत्त्व त्यात आहे. त्याच महिन्यात किगालीत करार झाला आणि एचएफसी जातीचे गॅस (आर-४०४ए त्यातलाच) कमी करण्याचं जगानं ठरवलं. भारतानं २०२१मध्ये त्याला मान्यता दिली. त्यानुसार आपला वापर २०२८मध्ये गोठवायचा आहे, २०३२पासून पायरीपायरीनं उतरवायचा आहे आणि २०४७पर्यंत ८५ टक्के घट गाठायची आहे.

मग आर-४०४एच्या जागी काय? एकट्या गॅसमध्ये सगळे गुण सापडत नाहीत, म्हणून रसायनतज्ज्ञ मिश्रणं करतात. त्यांच्या हाताशी आर-१२३४वायएफ नावाचा गॅस आहे. त्याच्या रेणूत कार्बनचा एक दुहेरी बंध असतो. हवेतले घटक त्या बंधावर तुटून पडतात, त्यामुळे तो वातावरणात दोनेक आठवडेही टिकत नाही आणि पृथ्वी तापवायला त्याला सवडच मिळत नाही. पण एकट्यानं वापरला तर त्याची थंड करण्याची ताकद कमी पडते. ती भरून काढायला आर-३२ मिसळतात. आर-३२ दमदार, पण त्याचा तापमानवाढीचा आकडा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या किती पट, तो ६७५.

आर-४५४सी या मिश्रणात आर-१२३४वायएफ ७८.५ टक्के आणि आर-३२ २१.५ टक्के असतो. ६७५च्या २१.५ टक्के म्हणजे १४५, त्यात दुसऱ्याचे तीन मिळवले की १४८. आर-४५५एमध्ये याच जोडीला ३ टक्के कार्बन डायऑक्साइड घातलाय, आणि त्याचाही आकडा १४८च. हा योगायोग नाही. युरोपनं २०१४च्या नियमात दुकानांतल्या बंदिस्त फ्रीजरसाठी १५०ची रेषा आखली आणि २०२२पासून ती लागू केली. रेषेच्या आत राहून आर-३२ जास्तीत जास्त किती घालता येईल, हे बघूनच ही मिश्रणं जमवली आहेत. कायद्यातला एक आकडा थेट बाटल्यात उतरलेला दिसतो.

याची किंमतही आहे. जो रेणू हवेत लवकर मोडतो, तो पेटायलाही थोडा तयार असतो. ही मिश्रणं सौम्य ज्वलनशील वर्गात मोडतात, म्हणून जुन्या आर-४०४एच्या यंत्रात ती भरता येत नाहीत. तिथे न पेटणारी आर-४४८ए किंवा आर-४४९ए चालतात, पण त्यांचा आकडा १,४००च्या जवळपास राहतो. शिवाय आर-१२३४वायएफ मोडल्यावर ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्ल तयार होतं. ते पावसाबरोबर खाली येतं आणि पाण्यात वर्षानुवर्षं राहतं. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडननं २०२३मध्ये अशा टिकाऊ फ्लोरीनयुक्त रसायनांवर व्यापक बंधनांचा प्रस्ताव मांडलाय. माझं मत विचाराल तर लहान फ्रीजरसाठी प्रोपेन, म्हणजे आर-२९०, हाच सरळ मार्ग आहे. त्याचा आकडा तीनच्या आसपास आणि भरणही थोडं लागतं. २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय मानकानं अशा यंत्रांतली प्रोपेनची मर्यादा १५० ग्रॅमवरून सुमारे ५०० ग्रॅमपर्यंत वाढवली. मात्र यंत्र त्यासाठीच बनवलेलं हवं. जुन्या फ्रीजरच्या थर्मोस्टॅटमध्ये ठिणगी उडते, तिथे प्रोपेन किंवा स्वयंपाकाचा गॅस भरणं म्हणजे जिवाशी खेळ. फ्रीजरसाठीच्या शुद्ध प्रोपेनला वासही नसतो.

मोठ्या सुपरमार्केटसाठी कार्बन डायऑक्साइड वापरता येतो, पण ३१ अंशांच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही, आणि आपला उन्हाळा चाळिशी ओलांडतो. म्हणून आयआयटी मद्रासमध्ये नॉर्वेच्या एका विद्यापीठाबरोबर उष्ण हवामानासाठी वेगळी यंत्रणा तपासली गेली आहे.

आता पुन्हा दांडिया बाजारातल्या त्या उभ्या बाटल्याकडे. पाणी उकळायला लागलं की शेवटच्या थेंबापर्यंत एकाच तापमानावर उकळत राहतं. मिश्रणाचं तसं नसतं. आधी चपळ घटक उडतो, मग सुस्त. आर-४५५एमध्ये उकळण्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत तापमान सुमारे १२ अंशांनी सरकतं. बाटला उभा ठेवून वरची वाफ भरली, तर यंत्रात चपळ घटक जास्त जातो आणि बाटल्यात उरतं ते मिश्रण बिघडलेलं असतं. म्हणून मिश्रण नेहमी द्रवरूपात, बहुतेक बाटल्यांच्या बाबतीत बाटला उलटा धरून, काट्यावर मोजून भरायचं. आर-४०४एमध्ये हे सरकणं एका अंशाहूनही कमी, त्यामुळे जुनी सवय आजवर खपून गेली. नव्या मिश्रणात ती खपणार नाही. प्रयोगशाळेत दशकभर खपून बसवलेलं प्रमाण रस्त्यावर दोन मिनिटांत मोडू शकतं.

म्हणून मला या विषयात मिस्त्री रसायनतज्ज्ञाइतकाच मोलाचा वाटतो. २०१९च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात एक लाख दुरुस्ती कारागिरांच्या प्रशिक्षणाचं लक्ष्य होतं, ते योग्यच होतं. याच शहरात सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये कलाभवन उभं केलं. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकारानं तिथे रंगाई, रसायन आणि यंत्रविद्या लोकांच्या भाषेत शिकवण्याचा प्रयत्न झाला. आजही गॅसच्या बाटल्यावर सगळी सूचना इंग्रजीत असते आणि तो हाताळणारा हात गुजराती, मराठी किंवा हिंदी वाचतो. कलाभवनाच्या परंपरेतल्या, इथल्या विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र विद्याशाखेनं संध्याकाळचे वर्ग घेऊन हे शिकवावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आणि दुकानदारांना एवढंच सांगायचं आहे. पुढच्या वेळी गॅस "खलास" झाला की आधी गळती शोधायला लावा, नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसानं जोड तपासून घ्या. पट्टीवरचा गॅस आणि ग्रॅमचा आकडा स्वतः वाचा. मिस्त्रीकडे वजनकाटा नसेल, तर काटा घेऊन येणारा मिस्त्री बोलवा.