शिशाचा सूर्य आणि टेम्सचे नावाडी

लंडनच्या जुन्या गल्ल्यांतून मान वर करून चाललं, तर काही घरांच्या दर्शनी भिंतीवर, पहिल्या मजल्याच्या खिडक्यांच्या आसपास, धातूचा एक लहानसा पत्रा ठोकलेला दिसतो. कुठे किरणांचं वलय असलेला, नाक-डोळे-ओठ असलेला सूर्य. कुठे मुकुटाखाली एकमेकांना धरलेले दोन हात. कुठे ज्वाळांतून उठणारा फिनिक्स. सूर्याच्या पायथ्याशी ठोकलेला आकडा हा त्या घराच्या पॉलिसीचा क्रमांक. हे पत्रे सुरुवातीला शिशाचे असत, पुढे तांब्याचे आणि लोखंडाचेही आले. सूर्य म्हणजे सन फायर ऑफिस, स्थापना 1710. हातात हात म्हणजे त्याहून जुनी, 1696 ची ‘हँड इन हँड’.

आज विमा कंपनी म्हटलं की एजंटाचा फोन, हप्त्याची तारीख आणि क्लेमच्या फॉर्मवरची बारीक अक्षरं आठवतात. नुकसान होऊन गेल्यावर पैसे मोजायचे, एवढंच तिचं काम. पण सुमारे पावणेदोनशे वर्षं लंडनमध्ये आग विझवायला धावणारे पगारी जवान विमा कंपन्यांचे होते. सरकारचं असं अग्निशमन दल नव्हतंच.

सुरुवात झाली ती 1666 च्या महाआगीनंतर. पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत 2 सप्टेंबरच्या पहाटे लागलेली आग चार दिवस चालली आणि 13,200 घरं खाऊन गेली. घरांना विमा नव्हता, त्यामुळे राखेचा मालक तोच, जो कालपर्यंत घराचा मालक होता. या राखेत धंदा दिसला तो निकोलस बार्बन याला. शिक्षणाने डॉक्टर, पण वैद्यकी सोडून जमिनी घेणं, घरं बांधणं आणि सावकारांना टोलवणं यात रमलेला हा माणूस. बापाने कडव्या धर्मश्रद्धेपोटी त्याचं मधलं नाव एका अख्ख्या वाक्याएवढं लांब ठेवलं होतं, असं सांगतात. 1680 मध्ये त्याने रॉयल एक्स्चेंजच्या मागे ‘फायर ऑफिस’ उघडलं. विटांच्या घराला भाड्याच्या अडीच टक्के हप्ता, लाकडी घराला पाच. जोखमीप्रमाणे दर हे तत्त्व इतक्या सरळ हिशेबात तेव्हाच आलं.

पण हिशेब पुढे गेल्यावर या मंडळींच्या लक्षात आलं, की घर जळालं तर जळतात ते आपले पैसे. मग ते जळू न देणं स्वस्त नाही का? बार्बनच्या कंपनीने आग विझवायला माणसं पगारावर ठेवली. बाकीच्यांनी तोच कित्ता गिरवला.

माणसं आली ती टेम्सवरून. पूल मोजके आणि रस्ते चिखलाचे असल्यामुळे लंडनची बरीच ये-जा होड्यांतून होई. हे नावाडी दणकट, पाण्याला सरावलेले, दोरखंड आणि आकड्या हाताळणारे; शिवाय हाक मारली की चटकन सापडणारे. रोजचं काम वल्हवण्याचं, आगीची बोंब उठली की कंपनीचं. त्यांच्या दृष्टीने या नोकरीतला मोठा लाभ वेगळाच होता. त्या काळी आरमाराच्या टोळ्या नावाड्यांना रस्त्यातून उचलून जबरदस्तीने जहाजावर नेत. विमा कंपनीच्या नोंदलेल्या अग्निशामकांना यातून कायद्याने सूट होती. कंपनीचा बिल्ला दंडावर असणं म्हणजे फ्रान्सविरुद्धच्या लढाईत तोफेच्या तोंडी न जाणं.

आणि बिल्ला कसला, अख्खा पोशाखच भपकेदार. प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा, दंडावर तिचं चिन्ह, बटणं चकचकीत. वर्षातून एकदा ही मंडळी वाजतगाजत शहरातून फिरत. जाहिरात म्हणून याहून चांगली सोय कुठली?

प्रत्यक्ष आगीचा देखावा मात्र जाहिरातीसारखा नसे. रस्त्याखालचे नळ एल्म लाकडाचे पोकळ ओंडके; ठराविक ठिकाणी त्यांना भोक पाडून लाकडी खुंटी मारलेली. आग लागली की खुंटी उपटायची, रस्त्यात पाण्याचं तळं होऊ द्यायचं आणि त्यातून बंबाला पाणी द्यायचं. बंब म्हणजे चाकांवरचा हौद, त्याच्या दोन्ही बाजूंना लांब आडवे दांडे. हे दांडे आळीपाळीने वर-खाली करून पाणी हापसावं लागे. काही मिनिटांत खांदे भरून येत, मग माणसं बदलायची. कंपनीचे जवान नळी धरत. दांडे हापसायला गर्दीतूनच गडी घेत. पहिल्या तासाला एक शिलिंग, पुढच्या प्रत्येक तासाला सहा पेन्स, आणि बिअर. बिअरला उशीर झाला की हापसणारे तालावर ‘बिअर, ओ!’ असा गजर करत आणि तरीही पिंप आलं नाही तर दांडे सोडून उभे राहत. जळत्या घराच्या मालकाची त्या क्षणी काय गत होत असेल, याची कल्पना केलेली बरी.

आगीइतकीच भीती चोरांची. घरातलं सामान रस्त्यावर काढलं, की ‘मदतीला’ आलेल्यांपैकी अर्धे ते घेऊन पसार. तेव्हाच्या लंडनला पगारी पोलीस दल नव्हतं. ते आलं 1829 मध्ये. म्हणून कंपन्यांनी जवानांबरोबर बिल्लेधारी हमालही ठेवले. सामान बाहेर काढायचं, एका जागी रचायचं आणि राखायचं, हे त्यांचं काम. गोंधळलेल्या घरमालकाला एवढं कळलं तरी पुरे, की बिल्ला असलेल्याच्या हातात पलंगपोस द्यायला हरकत नाही. पुढे 1830 च्या आसपास इंग्लंडच्या खेड्यांत गवताच्या गंजी आणि खळी पेटवली जाऊ लागली, तेव्हा जाळपोळ करणाऱ्याला पकडून देणाऱ्यास विमा कंपन्यांनी बक्षिसं जाहीर केली. बंब, पहारा, तपास, खटला अशी एकेक कामं त्यांच्याकडे येत गेली, कारण दुसरं कुणी ती नीट करत नव्हतं.

या सगळ्यावर एक गोष्ट हमखास सांगितली जाते. बंब घेऊन माणसं यायची, भिंतीवर आपल्या कंपनीचा पत्रा नाही असं दिसलं की हाताची घडी घालून घर जळताना बघत राहायची. गोष्ट चटकदार आहे. पण तिला त्या काळातला भरवशाचा पुरावा मिळत नाही आणि अक्कलही ती खरी मानायला तयार होत नाही. विमा नसलेलं घर पेटलं आणि शेजारचं आपल्या कंपनीचं असलं, तर ज्वाळा भिंतीवरचा पत्रा वाचून थांबतात थोड्याच? शिवाय 1708 च्या कायद्याने बंब आणणाऱ्यांना पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार ठरलेल्या वस्तीच्या, पैशातून बक्षीस ठरलं होतं: पहिल्याला 30 शिलिंग, दुसऱ्याला 20, तिसऱ्याला 10. ते पॅरिशच्या बंबांसाठी होतं खरं, पण आगीकडे धावत जाण्यात पैसा आहे, हे शहरभर सगळ्यांना ठाऊक होतं. आणि भर रस्त्यात, गर्दीसमोर आपल्या पोशाखातली माणसं निर्विकार उभी असणं कुठल्या कंपनीला परवडलं असतं?

खरी खोट वेगळीकडे होती. दहा कंपन्यांचे दहा जथे, दहा बंब, दहा मुकादम एकाच गल्लीत शिरले की कोण कुणाचं ऐकणार? म्हणून 1 जानेवारी 1833 रोजी दहा कंपन्यांनी आपली माणसं एकत्र केली आणि ‘लंडन फायर इंजिन एस्टॅब्लिशमेंट’ उभी राहिली. पूर्णवेळ जवान 80. प्रमुख म्हणून एडिंबरोहून जेम्स ब्रेडवूड याला आणलं. तिथे 1824 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने शहराचं दल उभं केलं होतं. शिक्षण इमारतींच्या मोजणीचं, त्यामुळे भिंत कधी कलते आणि तुळई कधी सुटते, हे त्याला दिसे. रस्त्यात उभं राहून लांबून धार मारणं त्याला मान्य नव्हतं. पाणी आगीच्या मुळाशी पडलं पाहिजे, म्हणजे आत शिरलं पाहिजे. धुरात जमिनीसरशी रांगायचं, कारण श्वासापुरती हवा तिथेच उरते. आणि एकट्याने कधी जायचं नाही. जवान आजही हेच शिकतात.

पुढल्याच वर्षी, 16 ऑक्टोबर 1834 च्या रात्री, पार्लमेंटची इमारत पेटली. कालबाह्य झालेल्या हिशेबाच्या लाकडी काठ्या भट्टीत कोंबल्याने धुराडी तापली होती. विझवायला धावलं ते विमा कंपन्यांचं दल. जुना वेस्टमिन्स्टर हॉल वाचला. देशाच्या विधिमंडळाची आग खासगी कंपन्यांच्या पगारी माणसांनी विझवावी, हे कंपन्यांनाच विचित्र वाटलं आणि त्यांनी सरकारकडे जबाबदारी घ्यायचा आग्रह धरला. सरकारने नाही म्हटलं.

या व्यवस्थेत एक फट अशी होती, जी हिशेबाच्या वहीत पाहिली की लगेच दिसते. विमा होता घराचा, मालाचा. माणसाचा नव्हता. चौथ्या मजल्यावर अडकलेल्या मोलकरणीचा जीव कुठल्याही पॉलिसीत नव्हता. जवान निर्दय होते असं नव्हे. जीव वाचवायची संधी मिळाली तर ते सोडत नसत. पण त्यासाठी शिड्या बाळगणं, रात्रभर पहारा ठेवणं हा कंपनीचा खर्च नव्हता. तो उचलला एका धर्मादाय संस्थेने. 1836 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने चाकांवरच्या उंच शिड्या सुमारे अर्ध्या मैलाच्या अंतराने रात्री रस्त्यांत उभ्या करायला सुरुवात केली, प्रत्येक शिडीपाशी एक माणूस. म्हणजे एकाच आगीत सामान वाचवायला विमा कंपनी आणि माणूस वाचवायला वर्गणी. बाजाराने सुरक्षा पुरवली तर काय होतं, या वादात हा एक दाखला दोन्ही बाजूंनी विचार करण्यासारखा आहे.

शेवट झाला टूली स्ट्रीटवर. 22 जून 1861, शनिवार. लंडन ब्रिजजवळच्या धक्क्यावरच्या गोदामांत ताग, कापूस, चरबी, साखर, चहा, मसाले, सोरा असा सगळ्या साम्राज्याचा माल खच्चून भरलेला. मधली लोखंडी दारं, जी बंद असती तर आग अडली असती, उघडी राहिली होती. वितळलेली चरबी पेटत्या ओघांनी टेम्सवर पसरली. थकलेल्या जवानांना ब्रँडी वाटत फिरणाऱ्या ब्रेडवूडवर भिंत कोसळली. आग पूर्ण विझायला दोन आठवडे लागले, त्याच्या अंत्ययात्रेची रांग दीड मैल लांब होती आणि नुकसान सुमारे 20 लाख पौंडांचं.

कंपन्यांनी गोदामांचे हप्ते वाढवले, व्यापाऱ्यांनी ओरड केली, आणि 1862 मध्ये कंपन्यांनी गृहमंत्र्यांना सांगून टाकलं की आता हे आमच्याने होणार नाही. 1865 चा कायदा झाला. 1 जानेवारी 1866 पासून दल सार्वजनिक झालं. पण विमा कंपन्या सुटल्या नाहीत. विमा उतरवलेल्या दर दहा लाख पौंडांमागे त्यांनी 35 पौंड द्यायचे, असं ठरलं. पुढच्याच वर्षी रस्त्यांतल्या त्या शिड्याही नव्या दलाकडे आल्या.

मालावरचा जीव मात्र कंपन्यांचा सुटेना. आगीने जेवढा माल जातो, त्याहून जास्त कधी कधी विझवणाऱ्यांच्या पाण्याने जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी ‘साल्व्हेज कोअर’ नावाची पथकं ठेवली: लिव्हरपूलला 1842 पासून, लंडनला 1866 पासून, ग्लासगोला 1873 पासून. बंबाच्या मागोमाग यांची गाडी. वरच्या मजल्यावर धार चालू असताना हे खालच्या मजल्यावर ताडपत्र्या पसरत, पाणी बाहेर काढत, गठ्ठे हलवत. तिन्ही पथकं 1984 मध्ये बंद झाली. मुंबईतही विमा उद्योगाने अशी साल्व्हेज कोअर पोसली होती. आग विझवणं मात्र मुंबईत विमा कंपन्यांकडे कधीच नव्हतं: आधी ते पोलिसांकडे होतं, मग 1888 च्या महापालिका कायद्याने ते पालिकेचं बंधनकारक काम ठरलं. 1890 मध्ये प्रमुख म्हणून निकोल्स नावाचा अधिकारी आणला तो लंडनच्या दलातून, म्हणजे विमा कंपन्यांनी उभ्या केलेल्या दलाच्याच वारसाकडून.

नुकसान होण्याआधीच ते रोखण्याचा विमा कंपन्यांचा हा धंदा संपला असं समजायचं कारण नाही. सोमाली चाच्यांच्या काळात जहाजावर बंदूकधारी रक्षक असतील तर हप्त्यात सूट मिळे. कॅलिफोर्नियात वणवे पेटले की काही बड्या विमा कंपन्या आपल्या ग्राहकांच्या बंगल्यांभोवतीचं गवत काढायला आणि भिंतींवर आगरोधक जेल फवारायला खासगी पथकं पाठवतात. सरकारी दलाशी त्यांचा ताळमेळ बसेना, रस्त्यात गोंधळ होऊ लागला. 2018 मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा केला: या पथकांनी गाड्यांवर लाल दिवे आणि सायरन लावायचे नाहीत, सरकारी वाटेल असा पोशाख घालायचा नाही, आणि घटनास्थळी पोचल्यावर सरकारी प्रमुखाला आधी कळवायचं.