संगणकांतील टाकाऊ फाइलींची सुरक्षित विल्हेवाट

शेतकऱ्याच्या घरीं दप्तर असावें, ही गोष्ट नवीन नाहीं. ७/१२ चा उतारा, ८-अ, फेरफाराची नक्कल, खरेदीखत, कर्जफेडीच्या पावत्या हीं कागदपत्रें आपले वडील पत्र्याच्या पेटींत फडक्यांत बांधून ठेवीत. आतां त्या दप्तराचा बराच भाग संगणकांत जाऊन बसला आहे. डिजिटल सहीचा ७/१२ तर १५ रुपये भरून घरबसल्या उतरवून घेतां येतो. नवी मुंबईकडील खातेदारांना या दप्तराचें महत्त्व विशेष आहे. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं संपादनांत आल्या. साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडासाठीं ज्यांना वारसा सिद्ध करावा लागला, त्यांना एका जुन्या कागदाची किंमत निराळी सांगावयास नको.

अशा संगणकाची साफसफाई करतांना काय टाकावें व काय राखावें, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. ज्ञानापेक्षां ठेंच लागल्यामुळें मी तें शिकलों, हें आरंभींच कबूल करतों.

गेल्या वर्षीं आमच्या कुटुंबाची वंशावळ तयार करण्याचें काम मजकडे आलें. एका पुतण्यानें कच्ची वंशावळ व निवाड्याची नक्कल ई-मेलनें पाठविली. मीं ती उतरवून घेतली आणि वृद्ध आत्याजवळ तीन संध्याकाळ बसून, उताऱ्यावर कधींच न चढलेलीं लेकी-सुनांचीं नांवें तींत भरलीं. पेन्सिलीचीं टिपणें, काम झालें म्हणून, फाडून टाकलीं. पुढें संगणक 'जागा नाहीं' म्हणून कुरकुरूं लागला. मीं साफसफाईचें पान उघडलें, दिसतील त्या सर्व चौकटींत खुणा केल्या व कळ दाबली. वंशावळ 'डाउनलोड्स' या फोल्डरांत होती, ती गेली. निवाड्याची नक्कल ई-मेलांत शिल्लक होती, म्हणून परत मिळाली. परंतु भरलेलीं नांवें परत आलीं नाहींत. आणि ज्या आत्यानें तीं सांगितलीं, ती तत्पूर्वींच वारली होती.

ज्या माणसानें उभी नोकरी महसुलाच्या दप्तरांत काढली, त्याच्या हातून हें घडावें याची मला आजही लाज वाटते. कारण आमच्याकडे सहा गठ्ठे पद्धत असते. चालू प्रकरणें, प्रतीक्षेंतील प्रकरणें, नियतकालिकें, स्थायी आदेश, अभिलेख कक्षांत पाठवावयाचे कागद आणि शेवटीं नाश करावयाचे कागद, असे तिचे सहा भाग. अभिलेखांचीही वर्गवारी असते: 'अ' वर्ग कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'क' दहा वर्षांचा व 'ड' वर्षभराचा. कागद कोणत्या वर्गाचा हें ठरविल्याशिवाय तो फाडतां येत नाहीं. संगणकाच्या बाबतींतही हाच नियम पाळावयाचा आहे.

आतां टाकाऊ, म्हणजे तात्पुरत्या, फाइली होतात कशा तें पाहूं. भात झोडतांना जसा पेंढा व भुसा निघतो, तसा संगणकाच्या प्रत्येक कामांत कांहीं कच्चा माल मागें राहतो. नवा प्रोग्राम बसवितांना त्याचे भाग एका जागीं सोडून ठेवावे लागतात. लेख लिहितांना त्याची कच्ची प्रत बाजूस धरली जाते. संकेतस्थळ पाहतांना तेथील चित्रें, पुढील वेळीं लौकर दिसावीं म्हणून, साठविलीं जातात. काम संपल्यावर प्रोग्रामानें आपला केर स्वतः काढावा अशी अपेक्षा असते. परंतु वीज गेली, प्रोग्राम मध्येंच बंद पडला, किंवा तो करणाराच निष्काळजी असला, तर केर तसाच राहतो व वर्षानुवर्षें वाढतो. डिस्क भरत आली म्हणजे नव्या सुधारणा बसत नाहींत आणि लिहिलेलें जतन होण्यासही अडचण पडते. मात्र जागा भरपूर असतांना साफसफाई केली म्हणून संगणक धांवूं लागेल, ही समजूत खरी नाहीं.

विंडोज असलेल्या संगणकावर पुढील क्रमानें जावें.

१. प्रथम कामाच्या फाइली बाजूस काढाव्या. डाउनलोड्स व डेस्कटॉप हीं दोन्ही ठिकाणें स्वतः उघडून पाहावीं. ७/१२, खतें, पावत्या, छायाचित्रें यांना गट नंबर व साल लावून नांव द्यावें आणि 'डॉक्युमेंट्स'मधील वेगळ्या फोल्डरांत ठेवावें. त्याची एक नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी, व ती उघडते कीं नाहीं हें तेथल्या तेथें पाहावें.

२. उघडे असलेले सर्व प्रोग्राम बंद करून संगणक एकदां पुन्हा सुरू करावा. त्यायोगें चालू असलेल्या फाइली मोकळ्या होतात.

३. सेटिंग्ज, त्यांत सिस्टिम, त्यांत स्टोरेज व त्यांत टेंपररी फाइल्स, असें जावें. तेथें प्रत्येक प्रकारापुढें त्यानें व्यापलेली जागा दिसते.

४. टेंपररी फाइल्स, टेंपररी इंटरनेट फाइल्स, थंबनेल्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स, हे प्रकार 'ड' वर्गाचे समजावे. थंबनेल्स, म्हणजे छायाचित्रांचीं लहान रूपें, गरज पडल्यास संगणक पुन्हा तयार करतो. मूळ छायाचित्रांस धक्का लागत नाहीं.

५. 'डाउनलोड्स' या नांवापुढें खूण असूं नये. तो केर नसून आपण स्वतः आणलेला माल आहे. येथून काढलेली फाइल रिसायकल बिनमध्येंही सांपडत नाहीं.

६. रिसायकल बिन हा आपला सहावा गठ्ठा होय. तो उघडून, आंत नजर टाकून, मगच रिकामा करावा.

७. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' असें दिसल्यास थांबावें. नवी विंडोज नीट चालत नसेल तर जुनीवर परतण्याची वाट याच फाइलींत असते. त्या काढल्या कीं ती बंद होते.

८. हें सर्व पाहून झाल्यावर शेवटीं 'रिमूव्ह फाइल्स' ही कळ दाबावी.

कांहीं जाणते गृहस्थ टेम्प नांवाचें फोल्डर स्वतः उघडून त्यांतील फाइली काढतात. त्यास हरकत नाहीं. मात्र एखादी फाइल वापरांत आहे असा निरोप आल्यास ती सोडून पुढें जावें, हट्ट करूं नये. विंडोज, प्रोग्राम फाइल्स किंवा सिस्टिम ३२ या फोल्डरांतील कोणत्याही वस्तूस, ती कितीही जुनी दिसो, हात लावूं नये. तीं घराचीं जोतीं आहेत.

ब्राउझरची सफाई करतांनाही असाच विवेक हवा. साठविलेलीं चित्रें व फाइली काढल्यास नुकसान नाहीं. कुकीज काढल्यास सर्व खात्यांतून बाहेर पडावें लागतें व पुन्हा सांकेतिक शब्द घालावा लागतो. साठविलेले सांकेतिक शब्द यांची चौकट निराळी असते. ते वहींत उतरलेले नसतील, तर त्या चौकटीस शिवूं नये.

आणखी दोन सूचना. 'आपला संगणक केरानें भरला आहे, येथें दाबा' अशा जाहिराती संकेतस्थळांवर दिसतात. त्या सांगणाऱ्याला आपल्या घरांत काय आहे हें दिसत नसतें. साफसफाईस लागणारें साधन विंडोजमध्यें आधींच आहे. दुसरें, शिफ्ट कळ धरून डिलीट केलेली, किंवा पेन ड्राइव्हवरून काढलेली फाइल सामान्यतः रिसायकल बिनमध्यें जात नाहीं. हल्लींच्या एसएसडी डिस्कवरून अशी फाइल परत मिळविणें तर बहुधा अशक्यच. चूक ध्यानांत येतांच त्या डिस्कवर नवें कांहीं न लिहितां जाणत्याकडे जावें.

वर्षांतून दोनदां, पेरणीपूर्वीं व दिवाळीनंतर, हें काम केलें तरी पुरेसें आहे. तें घाईनें व संध्याकाळीं थकून करूं नये. आमच्या कचेरींत नाशाची यादी एकजण करी व दुसरा तपाशी; घरीं मुलास किंवा सुनेस शेजारीं बसवून तीच रीत पाळावी.

वंशावळ मीं पुन्हा लिहावयास घेतली आहे. पांच नांवांच्या जागा कोऱ्या आहेत. या वेळीं टिपणें वहींत शाईनें केलीं आहेत, आणि ती वही पेटींत ठेवली आहे.