सूर्याच्या उन्हावर मोटार किती दूर जाते?

ऊन सर्वांस फुकट मिळतें. तेव्हां त्यावर चालणारी मोटार घेतली कीं प्रवासाचा खर्च मिटला, असें पुष्कळांस वाटतें. हें कितपत खरें आहे, तें आम्ही येथें थोड्या आंकडेमोडीनें पाहणार आहों. विद्यार्थी वाचकांनीं कागद-पेन्सिल घेऊन ती आमच्याबरोबर करावी.

आकाश स्वच्छ असतां भर दुपारीं एका चौरस मीटरावर सुमारें १००० वॅट शक्तीचें ऊन पडतें. चांगलें सौर पॅनेल त्यांतील सुमारें पांचवा हिस्सा, म्हणजे २०० वॅट, विजेंत बदलतें. लहान मोटारीच्या टपावर पॅनेलास एक चौरस मीटर जागा आहे असें धरूं. सकाळ-संध्याकाळचें तिरपें ऊन दुपारच्या मापानें मोजलें, तर आपल्याकडील उन्हाचा दिवस सुमारें पांच तासांचा भरतो. २०० गुणिले ५, म्हणजे १००० वॅट-तास. यासच आपण विजेचें एक युनिट म्हणतों. परंतु टपावर धूळ बसते, तापलेलें पॅनेल कमी वीज देतें, व बॅटरी भरतांना थोडी वीज वायां जाते. हातीं पाऊण युनिट उरतें. हलकी मोटार एका युनिटांत १० ते १२ किलोमीटर जाते. म्हणजे रोजचे साडेसात ते नऊ किलोमीटर झाले.

या हिशेबाचा पडताळा पाहूं. पुण्याच्या वायवे मोबिलिटी या कंपनीनें जानेवारी २०२५ मध्यें ‘ईव्हा’ ही दोन माणसें व एक मूल बसेल अशी मोटार दिल्लीच्या प्रदर्शनांत मांडली. तिच्या टपावरील पॅनेलांतून वर्षास ३००० किलोमीटरपर्यंत प्रवास होईल, असें कंपनी सांगते. ३००० स ३६५ नीं भागिलें असतां दिवसास आठ किलोमीटर येतात. हिच्याच मोठ्या बॅटरीवर २५० किलोमीटर जातां येतें असेंही कंपनीचें म्हणणें आहे. ती केवळ टपावरील उन्हानें भरावयाची, तर एक महिना लागेल!

मग १९८७ सालीं ऑस्ट्रेलियांत ‘सनरेसर’ ही सौर मोटार डार्विनपासून ॲडलेडपर्यंत सुमारें ३००० किलोमीटर, तासीं सरासरी ६७ किलोमीटर वेगानें कशी धांवली? ती शर्यतीची मोटार होती. आंत एकच माणूस, अंग अतिशय हलकें, आणि पाठ बहुतेक सारी पॅनेलांनीं झांकलेली. बाजारहाटाची मोटार तशी करतां येत नाहीं.

तरीही आठ किलोमीटर तुच्छ नव्हेत. ज्याचें कामाचें ठिकाण घरापासून चार किलोमीटरांवर आहे, त्याचें रोजचें जाणें-येणें तेवढ्यांत भागतें. मात्र मोटार दिवसभर उन्हांत उभी राहिली पाहिजे. झाडाखालीं ठेविली कीं हिशेब बिघडला, आणि पावसाळ्यांत तर तो निम्म्यावरही येतो. उलट घराच्या छपरावर ३ किलोवॅटचीं पॅनेलें बसविलीं, तर दिवसास सुमारें १२ युनिटें मिळतात व तींतून शंभरावर किलोमीटर जातां येतें. मोटार खुशाल सावलींत राहूं शकते.

म्हणून मोटार घेणाऱ्यानें प्रथम आपला रोजचा प्रवास मोजावा, आणि मगच टपावरील पॅनेलाचे पैसे मोजावे. ऊन फुकट आहे खरें. पण तें झेलण्यास जागा लागते, आणि ती मोटारीच्या टपापेक्षां घराच्या छपरावर पुष्कळ अधिक आहे.