गोटी उचलायची आहे? मग आधी तयारी करूया



यंदा आमच्या ग्रामसंघाने महिलांच्या खेळांमध्ये एक नवा खेळ घ्यायचं ठरवलं. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, दोरीखेच हे तर दरवर्षी असतंच. या वेळी दगडी गोटी उचलायची आहे. जमिनीवरची गोल गोटी उचलायची आणि कमरेएवढ्या ओट्यावर नेऊन ठेवायची. पारोळ-भाताण्याच्या पट्ट्यातून भराभर नावं आली. काही घरांतून प्रश्नही आला, “बायकांनी कशाला दगड उचलायचे?”

आम्ही बैठकीत हिशोबच मांडला. पंधरा लिटर पाण्याचा हंडा म्हणजे १५ किलो, आणि हंड्याचं वजन वेगळं. घरचा भरलेला गॅस सिलिंडर सुमारे ३० किलोचा. भाताची गोणी, लाकडाची मोळी, अर्नाळ्याच्या बंदरावरून निघालेली म्हावऱ्याची टोपली, वीटभट्टीवर डोक्यावर रचलेल्या विटा, हे सगळं आपण रोज उचलतो. तेव्हा कुणी विचारत नाही, “बायकांनी कशाला?” ओझं आपल्याला नवीन नाही. ओझं उचलायची तयारी करणं मात्र नवीन आहे. आज त्याबद्दलच बोलू.

हा खेळ जुना आहे. घाटावरच्या गावांत मारुतीच्या देवळापाशी किंवा तालमीत अशा गोट्या असतात. गावातली तरुण पोरं त्या खांद्यापर्यंत उचलून ताकद दाखवायची. दूर आइसलँड देशात समुद्रकिनाऱ्यावर चार दगड ठेवलेले आहेत: २३, ५४, १०० आणि १५४ किलोचे. होडीवर कामाला घ्यायच्या आधी माणसाला हे दगड उचलायला लावत. किती उचलता येतो, त्यावरून त्याला घ्यायचं की नाही ते ठरायचं. आपल्या कोळीवाड्यांना हे लगेच कळेल. आता तर जगभर ताकदीच्या स्पर्धांमध्ये गोल दगड उचलायचा खेळ असतो, आणि त्यात बायकाही उतरतात.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. पुणे जिल्ह्यातल्या वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ साली ग्रीसमध्ये ज्युनिअर जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय. तिचा वजनगट ४५ किलोचा, आणि तिने डोक्यावर उचललेलं वजन ८३ किलो. इतकं वजन कुणी एका दिवसात उचलत नाही. त्यामागे कित्येक वर्षांचा सराव असतो, शिकवणारं माणूस असतं.

आम्ही मात्र सुरुवातीला हेच विसरलो. पहिल्याच रविवारी सरावाला जमलो आणि कुणीतरी ओढ्यातून आणलेला मोठा धोंडा मध्ये ठेवला. आमच्यातली एक ताई, भट्टीवर काम करणारी, दोन मुलांची आई, पुढे आली. आम्ही टाळ्या वाजवल्या, “उचल, उचल” म्हणून ओरडलो. तिने उचलला. सगळ्या खूश झाल्या. ती मात्र बाजूला जाऊन बसली. पाणी दिलं तर हसली, बोलली काहीच नाही. चार दिवसांनी तिने एकटीला गाठून हळूच सांगितलं, “खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. दुसऱ्या बाळंतपणापासूनच आहे. त्या दिवशी जास्त झालं.”

आठ वर्षं तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्ही तिच्याबरोबर आरोग्य केंद्रात गेलो. अंग खाली सरकायला सुरुवात झाली आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. व्यायाम शिकवला आणि जड उचलणं बंद करायला सांगितलं. चूक तिची नव्हती. तिला न विचारता टाळ्या वाजवल्या, ती चूक आमची. त्या दिवसापासून आम्ही सरावाची पद्धतच बदलली.

आता पहिली पायरी विचारपूस. दगडाला हात लावायच्या आधी प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारायचं, चारचौघींत नाही. पोटात बाळ आहे का? नुकतंच बाळंतपण, सिझेरियन किंवा पोटाचं ऑपरेशन झालंय का? खोकताना, शिंकताना लघवी निसटते का? खाली जडपणा वाटतो का? कंबरेतून पायात कळ किंवा मुंग्या जातात का? बीपी आहे का, हर्निया आहे का? यातल्या एकालाही “हो” असेल तर आधी आरोग्य केंद्रात जायचं, डॉक्टर सांगतील तसंच करायचं. आशाताईंना सोबत घेतलं तर बोलणं सोपं जातं. रक्तही तपासून घ्या. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमीच समजतात. अंगात रक्त नसेल तर दोन उचलींतच डोळ्यांपुढे अंधारी येते.

दुसरी पायरी दगड ओळखणं. डोळ्यांनी दगडाचं वजन कळत नाही, इथेच फसायला होतं. आपल्याकडच्या काळ्या दगडाची सहा इंच जाडीची गोटी साधारण ५ किलो भरते. मग एक फुटाची किती? दुप्पट म्हणजे १० किलो, असं वाटतं. नाही. ती ४० किलोच्या आसपास जाते. गोल दगडाची जाडी दुप्पट झाली की वजन आठपट होतं. म्हणून प्रत्येक दगड काट्यावर मोजा आणि त्यावर चुन्याने आकडा लिहा. रेशन दुकानात किंवा भाताच्या गिरणीत काटा मिळतो.

तिसरी पायरी सराव. पहिल्या खेळासाठी निदान आठ आठवडे हवेत. आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये दोन-तीन दिवसांची विश्रांती. भट्टीवरचं किंवा लावणीचं काम जोरात असेल तर त्या आठवड्यात एकच दिवस.

पहिले दोन आठवडे दगड नाहीच. स्टुलावर बसायचं-उठायचं, हात न टेकता, दहा वेळा. थांबून पुन्हा दहा. सोबत खालच्या अंगाचा व्यायाम: लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते पाच आकडे आवळायचे, पाच आकडे सैल सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करायचा नाही.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात गोणीत वाळू भरून घ्यायची. सुरुवात १० किलोने. दर आठवड्याला दोन किलोच्या वर वाढवायचं नाही. सहाव्या आठवड्यापासून गोटी, तीही गोणीपेक्षा हलकी, कारण गुळगुळीत दगड हातातून सटकतो. शेवटच्या आठवड्यात जड काही उचलायचं नाही. शरीराला सावरू द्यायचं.

चौथी पायरी उचलायची रीत. गोटी दोन्ही पायांच्या मध्ये येईल असं उभं राहायचं. लावणीला आपण पाठ गोल करून वाकतो, तसं इथे नको. पाटावर बसताना कुल्ले मागे जातात तसे मागे न्यायचे आणि गुडघे वाकवायचे. बोटं पसरून हात गोटीच्या खाली घालायचे. कोपर सरळ ठेवायचं. हात आखडून गोटी ओढायला गेलं की दंडाचा स्नायू फाटू शकतो.

मग दोन टप्पे. आधी गोटी फक्त गुडघ्यांच्या वर आणायची आणि बसल्यासारखं होऊन मांडीवर घ्यायची. इथे थांबा, श्वास घ्या. लेकराला कवटाळतो तशी गोटी छातीशी धरा. जितकी अंगाजवळ, तितका कंबरेवर भार कमी. आता खालचे स्नायू आवळा, श्वास हळूहळू सोडत पायांच्या जोरावर उभ्या राहा. दम कोंडून जोर लावला तर सगळा दाब पोटातून खाली जातो. आमच्या त्या ताईला त्रास वाढला तो असाच.

पाचवी पायरी गोटी सोडणं. हात सुटतोय असं वाटलं की सोडून द्यायची आणि मागे सरायचं. पडणारी गोटी झेलायला जायचं नाही, शेजारणीनेही हात घालायचा नाही. म्हणून सराव वाळूवरच करायचा आणि लहान मुलांना लांब ठेवायचं. बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा, मंगळसूत्र आत खोचा. पदर लोंबता नको. काष्टा घाला किंवा सलवार-कमीज. पायात सपाट बूट, चप्पल नको.

खाण्याचं वेगळं काही आणायला नको. भाकरीसोबत कुळीथ, अंडं, सुका जवळा, पालेभाजी आणि लिंबू पुरे. सरावाआधी केळं किंवा आपली वसईची सुकेळी खावी. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं, ही सवय मात्र मोडायला हवी.

खेळाच्या दिवशी आमचा एक नियम आहे. कुणी “उचल, उचल” म्हणून ओरडायचं नाही. उचलणारीने “थांबते” म्हटलं की टाळ्या वाजवायच्या, उचलणारीला वाजवतो तेवढ्याच.

आमची ताई यंदा उचलणार नाही. ती पंच आहे. गोटी मांडीवर नीट घेतली की नाही, ते तिच्याइतकं कुणाला दिसत नाही. खेळातून तिला बाजूला होता आलं, पण भट्टीवरच्या विटांना “थांबते” म्हणता येत नाही. म्हणून मुकादमाकडे आम्ही सगळ्या मिळून गेलो. तिला आता डोक्यावर विटा वाहायला न देता थापायच्या कामावर ठेवलंय. मजुरी तेवढीच ठेवा, म्हणून बोलणं अजून चालू आहे.

तुमच्या गटातही अशी एखादी असेल, बाजूला जाऊन गप्प बसणारी. पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की तिच्याशेजारी जाऊन बसा आणि विचारा. दगड नंतर उचलू.